अर्धं मिनिट पुढे

माझ्या पोटात दुखतं, हे मी आधीच सांगून टाकते. मागाहून कुणी ते शोधून काढायला नको.

वरच्या मजल्यावर माझी धाकटी जाऊ राहते, खाली आम्ही. आमची सासू पहिल्यापासून माझ्याकडे, खाली. गेल्या काही महिन्यांत ती हळूहळू वर सरकली. आधी नुसती मॅच बघायला जायची. मग मॅच आणि जेवण. आता झोपायलाही वरच. तिची उशी वर गेली, चष्म्याची डबी वर गेली, पाठीला लावायची गरम पाण्याची पिशवी वर गेली. माझ्याकडे राहिली ती तिची खुर्ची, आणि तिच्यावर आमचे हे मोजे वाळत घालतात.

कारण काय, तर एक डबा. जावेने टीव्हीखाली एक काळा डबा बसवलाय. चालू असलेली मॅच त्याच्यावर थांबवता येते, मागे नेता येते, कुणी घरी नसलं तरी रेकॉर्ड होऊन बसते. माणसं नवीन गाडी दाखवतात तशी तिने तो मला दाखवला होता. मी म्हटलं, "छान आहे हो." आणि खाली येऊन भांडी आपटली.

सासूबद्दल सांगायला हवं. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती, व्हॉलीबॉलचा संघ तिचा. त्या संघात मी खेळले. पुढे तिच्याच थोरल्या मुलाशी लग्न केलं, पण तोंडातलं "बाई" काही गेलं नाही. एवढी वर्षं एका घरात राहून मी अजून त्यांना बाईच म्हणते, आणि समोर असल्या की जरा ताठ बसते. धाकटी मात्र लग्न होऊन आली त्या दिवशीच "आई, आई" करत त्यांच्या गळ्यात पडली. तिला व्हॉलीबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बाई मॅच बघणार म्हणजे श्वास रोखून बघणार, त्या माणसाशेजारी बसायची हिची लायकी काय, असं मला वाटायचं. अजून वाटतं.

तरी मी गप्प होते. पण एका रविवारी सगळे जेवायला जमलो असताना दीर सहज बोलून गेला, "आई, वर एक खोली रिकामीच आहे. तू कायमची वरच ये ना."

मी वाढता वाढता थांबले. बाईंनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "लीग चालू आहे ना, ती संपू दे. फायनल झाली की सांगते कुठे राहायचं ते."

आमचे हे आपले खाली मान घालून जेवत राहिले. यांच्या तोंडात तीळ भिजत नाही एरवी, पण नको तेव्हा कुलूप. मी मनात म्हटलं, ठीक आहे. डब्यानेच नेलंय ना, मग डब्यानेच परत आणते.

माझा धंदा पडद्यांचा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्यांची मापं घ्यायची, कापड दाखवायचं, शिवून नेऊन टांगायचं. टीव्हीच्या खोलीतल्या पडद्यांना सगळ्यात जास्त गिऱ्हाईक, कारण काचेवर ऊन पडलं की चित्र दिसत नाही. त्यामुळे कुणाच्या घरात टीव्हीखाली काय आहे हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल. आता मापाची पट्टी खिडकीला आणि नजर डब्याला, असं सुरू झालं.

एका दातांच्या डॉक्टरांकडे केबलवाल्यांनी दिलेला भाड्याचा डबा होता. म्हणजे आता नव्हता, त्याची धूळ न बसलेली जागा होती. त्यांनी कंपनी बदलली तेव्हा जुन्या कंपनीचा माणूस येऊन डबा घेऊन गेला, आणि त्यात साठवलेलं सगळं त्याच्याबरोबर गेलं. त्यांच्या मुलीचा नाच टीव्हीवर दाखवला होता, तोही गेला. डॉक्टर मला म्हणाले, "पडदे तरी माझेच राहतील ना?" मी म्हटलं, राहतील. भाड्याचा डबा मी तिथेच मनातून काढून टाकला.

जावेचा प्रकार वेगळा. तिचं सगळं इंटरनेटवरून येतं. रेकॉर्ड केलेलं तिच्या घरात नसतंच, कंपनीकडे कुठेतरी असतं, आणि इंटरनेट रुसलं की हिने पडद्यावर फिरणारं चक्र बघत बसायचं. हे कळल्यावर मला फार बरं वाटलं. पण खरी मेख मला सांगितली ती भाषांतराचं काम करणाऱ्या एका बाईंनी. त्यांच्या गच्चीत अँटेना होता, टीव्हीखाली छोटा डबा आणि त्याला चिकटलेली रेकॉर्डिंगची डिस्क. स्वतःचं सगळं, कुणाचं देणं-घेणं नाही.

"आणि एक गंमत आहे," त्या म्हणाल्या. "अँटेनाचं चित्र थेट येतं. इंटरनेटचं गावभर फिरून येतं. समोरच्यांकडे गोल होतो तोवर माझा इथे आनंद करून झालेला असतो. चांगलं अर्धं मिनिट पुढे असते मी."

मी पट्टी गुंडाळली. अर्धं मिनिट. माझ्या डोळ्यांपुढे जावेचं तोंड आलं, आणि त्या खिडकीचं माप मला दुसऱ्या दिवशी जाऊन परत घ्यावं लागलं.

दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं, "घरात बघणारे किती जण?"

"एक."

"तुम्हीच?"

"नाही, सासू."

"मग साधा डबा घ्या. एका वेळी एकच चॅनल पकडतो, एका माणसाला पुरे. दोन चॅनल एकदम पकडणारा कशाला हवा?"

"वरचीकडे किती पकडतो?"

"वरची कोण?" त्याने विचारलं.

मी दोनवाला घेतला. डिस्कही मोठ्यातली मोठी. रोज एक मॅच साठवली तरी ती डिस्क बाईंच्या हयातीत भरली नसती. हे विक्रेत्याच्या तोंडून निघालं आणि त्याने लगेच जीभ चावली.

आमचे हे अँटेना घेऊन गच्चीवर चढले. मी खाली टीव्हीसमोर, आणि फोनवर "डावीकडे, अजून डावीकडे, अहो डावीकडे" असं चाललेलं. शिडी हलायला लागली म्हणून यांनी कुणालातरी हाक मारली, तर कोण धावत जावं? तीच. "भाऊजी, मी धरते," म्हणून ती शिडीला धरून उभी राहिली. चित्र स्वच्छ आलं तेव्हा मला खिडकीतून तिचे शिडीला धरलेले हात दिसत होते. एवढं चांगलं वागायची गरज असते का माणसाला? डोक्यात तिडीक गेली माझ्या.

पहिल्या दिवशी बाई आल्या नाहीत. "वर सवय झालीय गं," म्हणाल्या. मी एकटीच मॅच लावून बसले. चांगला स्मॅश बसला, पॉइंट झाला, आणि मला छतातून वरच्या टीव्हीचा आवाज ऐकू आला. समालोचक तिथे अजून सर्व्हिसचीच तयारी सांगत होता. त्या भाषांतरवाल्या बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच.

मग मी टाळ्या वाजवल्या. सहज नाही वाजवल्या. छताकडे तोंड करून, हात वर करून वाजवल्या. पुढच्या पॉइंटला परत. आपल्या संघाचा पॉइंट गेला तर मोठ्याने "अरेरे". आमचे हे स्वयंपाकघरातून डोकावले. "तुला बरं नाही का?"

"मॅच रंगलीय," मी म्हटलं.

पुढचे काही दिवस हेच चाललं. एकदा जिन्यात जाऊ भेटली. चाचरत म्हणाली, "ताई, तुमच्या टाळ्यांनी आईंना आधीच कळतं हो."

"माझ्या घरात मी टाळ्या पण वाजवायच्या नाहीत?"

"तसं नाही," ती म्हणाली आणि बाजूला होऊन मला वाट दिली. भांडली असती तर मला झोप तरी चांगली लागली असती.

सेमीफायनलला बाई स्वतः खाली आल्या. कठड्याला धरून, एकेक पायरी उतरत. दारातच म्हणाल्या, "बंद कर ते. तिकडे चेंडू हवेत असतो आणि तू इकडे टाळ्या वाजवतेस. हा काय खेळ झाला?"

"मग इथेच बसा ना. इथे सगळ्यात आधी दिसतं."

त्या बसल्या. मोजे मी कधीच उचलून ठेवले होते. माझं काळीज असं सुपाएवढं झालं. चित्र इतकं स्वच्छ की जाळीची वीण दिसावी. आणि मी त्यांची जुनी खेळाडू, मला काय सांगायला हवं होतं? त्यांनी तोंड उघडायच्या आत मी म्हणायची, "ब्लॉकला उशीर झाला." त्या म्हणायच्या, "हं." मी म्हणायची, "आता ती मागे टाकणार." चेंडू मागे पडायचा. "हं." एकदाही थांबवायची वेळ आली नाही. दुसरा सेट संपल्यावर बाई उठल्या.

"कुठे निघालात?"

"वर."

"का? काय कमी आहे इथे?" माझा आवाज चढलाच. "चित्र चांगलं, खुर्ची तुमची, खेळातलं कळणारं माणूस शेजारी. तिला तर रेफरीने हात वर केला तरी कळत नाही."

"म्हणूनच," बाई म्हणाल्या. "ती विचारते. परवा विचारत होती, जाळी एवढीच उंच का. मग थांबवते, आणि मी सांगते." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी शाळा सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

त्या गेल्या आणि मी रिमोट सोफ्यावर फेकला. म्हणजे मला येतं हा माझा गुन्हा. जे बाईंनीच मैदानात उन्हात उभं करून शिकवलं, ते मी विसरले नाही हा माझा गुन्हा. आणि त्या ठोंबीला काही येत नाही, तर तिचं कौतुक. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. यांना सांगायला गेले तर हे म्हणाले, "मग तू पण विचार की काहीतरी." मी म्हटलं, मी वेड पांघरू का आता, या वयात?

तरी फायनल मी सोडणार नव्हते. बाईंना जाऊन सांगितलं, फायनल माझ्याकडे बघायची. बाई म्हणाल्या, "बरं. फायनल तुझ्याकडे. आणि संपली की सांगते म्हटलंय, तेही सांगते." जाऊ शेजारीच उभी होती. तिने विचारलं, "मीही येऊ?"

"तू वर बघ ना," मी म्हटलं. "तुझा डबा आहे की."

"बरं," ती म्हणाली.

फायनल दुपारची होती. मी माझ्याकडचा सगळ्यात जाड पडदा खिडकीला लावला होता. दीर आणि आमचे हे दोघे कामावर. खाली मी आणि बाई, वर ती एकटी. मॅच दोन-दोन सेटवर आली, आणि पाचवा, शेवटचा सेट सुरू झाला. त्या सेटच्या सुरुवातीलाच प्रशिक्षकाने मागच्या रांगेतल्या एका मुलीला बाहेर बोलावलं. मॅचभर तिने काय काय चेंडू उचलले होते. माझ्या मते मैदानावरची सगळ्यात चांगली खेळाडू तीच. ती बाकावर जाऊन बसली आणि तिने डोक्यावर टॉवेल घेतला.

मी थांबवलं. ठरवून नाही, बोटानेच दाबलं.

"का गं थांबवलंस?" बाईंनी विचारलं.

"हिला का काढलं?"

"तुला नाही कळलं?"

"नाही," मी म्हटलं, आणि ते खरं होतं. शाळेच्या शेवटच्या वर्षी आंतरशालेय फायनलमध्ये बाईंनी मलाही असंच बाहेर बोलावलं होतं. मीही असाच टॉवेल घेतला होता. त्यानंतर त्यांच्या घरी सून होऊन आले, त्यांची आजारपणं काढली, त्यांनी माझी बाळंतपणं काढली, पण का काढलंत हे मी कधी विचारलं नाही.

बाई खुर्चीचे हात धरून उठल्या आणि टीव्हीपाशी गेल्या. "मागे घे. अजून मागे. हं, थांब. हा चेंडू कुणाचा?"

"शेजारणीचा."

"घेतला कुणी?"

"हिने."

"पुढचा बघ. हा कुणाचा?"

"तोही शेजारणीचाच." माझं मलाच ऐकू येईल न येईल असं मी बोलले.

"आणि घेतला हिनेच. उत्तम घेतला, वाद नाही. आता शेजारणीकडे बघ." बाईंनी काचेवर बोट टेकवलं. "हात खाली. तिला आता चेंडू आपला वाटतच नाही. पुढे एखादा हिच्या हातून सुटला तर तो घ्यायला कुणी तयार नसणार. म्हणून काढलं."

मी त्या बोटाकडे बघितलं. मग विचारलं, "मलाही म्हणूनच काढलं होतं?"

बाई वळल्या. "एवढी वर्षं गेली, आणि आज विचारतेस?"

"थांबवायची सोय आत्ता आली," मी म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या. "तू माझी सगळ्यात चांगली खेळाडू होतीस. आणि तुझ्या शेजारी उभी केलेली एकही मुलगी कधी तयार झाली नाही."

मी उठून चहा ठेवायला गेले. कान तापले होते. राग आला होता, खोटं कशाला बोलू, आणि रडूही येत होतं. चहा उतू गेला, दुसरा ठेवला. तो उकळेपर्यंत माझ्या डोक्यात आलं, की आपण इतका वेळ थांबलोय, म्हणजे आता वरचीच पुढे असणार. शेवटचा सेट छोटा असतो. एव्हाना संपलीही असेल. आता ती टाळ्या वाजवणार. का नाही वाजवणार? मी तिच्या जागी असते तर छताचं प्लास्टर पाडलं असतं. मी कान देऊन उभी राहिले. वरून काहीही आवाज आला नाही.

चहाखालचा गॅस बंद केला आणि वर गेले. तिने दार उघडलं. टीव्ही बंद होता.

"संपली?"

"हो," ती हळूच म्हणाली.

"मग आवाज नाही आला काही."

"खालचं काही ऐकू येईना, म्हटलं तुम्ही थांबवलं असेल. आईंना आधी कळायला नको. म्हणून मग शेवटच्या पॉइंटला उशी धरली तोंडावर."

मी म्हटलं, "खाली चल."

"पण ताई, मला निकाल माहीत आहे."

"मग तोंडाला कुलूप लाव आणि चल."

ती निघाली, आणि दोन पायऱ्या उतरून परत वळली. गरम पाण्याची पिशवी भरून घेऊन आली. "खालच्या खुर्चीत त्यांची पाठ दुखते," म्हणाली. खुर्ची माझ्या घरातली, सासू माझ्याकडे इतकी वर्षं, आणि पाठ दुखते हे मला हिच्याकडून कळायचं होतं.

तिने पिशवी बाईंच्या पाठीशी लावली. बाई सैल बसल्या. चहा झाला. मी रिमोट घेऊन दोघींच्या मधे बसले आणि पाचवा सेट सुरू केला. थोडा वेळ ती शहाण्यासारखी गप्प होती. मग राहवलं नाही तिला. "आई, त्या एकटीचा शर्ट वेगळ्या रंगाचा का?"

उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर होतं. सगळं, पहिल्या शब्दापासून. बाईंनी तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

मी थांबवलं. बाई सांगायला लागल्या, ती फक्त बचाव करते, पुढे येऊन स्मॅश मारायची तिला परवानगी नाही, म्हणून ती लांबूनही ओळखू यायला हवी. हातवारे करून सांगत होत्या. जाऊ मान हलवत होती, आणि माझ्या पोटात दुखत होतं. ते काही एका दुपारीत जात नाही.

मॅच पुढे गेली. दोन्ही संघ बरोबरीने चालले आणि शेवटी एक पॉइंट उरला. बाई पुढे सरकून बसल्या. "संपतच आली," म्हणाल्या. "संपली की सांगते म्हटलं होतं ना मी."

सर्व्हिस करणाऱ्या मुलीने चेंडू वर उडवला आणि मी थांबवलं.

"आता काय?" बाई म्हणाल्या.

मला विचारायचं काही नव्हतं. त्या खेळातलं मला न येणारं आता काही उरलं नव्हतं. मी जावेकडे बोट केलं. "हिला काहीतरी विचारायचंय."

तिलाही काही विचारायचं नव्हतं. तिने माझ्याकडे बघितलं, मग पडद्यावर हवेत थांबलेल्या चेंडूकडे, मग परत माझ्याकडे.

"हो," ती म्हणाली. "आई, सर्व्हिस करताना पाय रेषेवर पडला तर काय होतं?"

बाईंनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. मग पाठीमागची पिशवी सारखी केली, मागे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "ऐका. त्याचं असं आहे."

मला उत्तर माहीत होतं. मी विचारलं, "कसं?"